तंबोरा नाय, तबलाच

आबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी इथं मुकुंदवाडीच्या खोलीत मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसाय?

रविवारी गुलमंडीजवळ केशवबुवांचं गाणं होतं. साथीला तबल्यावर मी ठरले होते. पोचले, तर माझ्या जागेवर दुसराच तबलजी. संयोजक म्हणाले, "तनुजा, तू मागं तंबोऱ्यावर बस. पोरगी तबल्यावर दिसली की लोकांना कसंतरीच वाटतं."

मी म्हणलं, "तंबोरा नाय. तबल्याला बोलावलंत, तबलाच वाजवीन."

बुवा समोरच होते, खाली मान घालून सूर जुळवत राहिले. मी तबला उचलून परत आले. रिक्षात लई रडू आलं. तुम्ही काळजी करू नका, आता बरी आहे. गावच्या भजनात मला पखवाजावर बसवलंत, तेव्हा लोक तुम्हालाही काय काय बोलले होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "मान वर करून वाजव."

काल बुवांचा फोन आला. "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. पुढल्या गाण्याला तबल्यावर तूच."

"आणि संयोजक नको म्हणले तर?"

बुवा म्हणाले, "तर मीही गाणार नाय."

ऐनवेळी काय होईल, देव जाणे. रियाज मात्र रोज चालू आहे. दिवाळीनंतर गाणं आहे, आईला घेऊन या. मी कुठं बसलेय ते तिला नीट दिसेल, अशी जागा धरा.

तुमची,
तनू