डोंगरापलीकडची सफरचंदे

शेलान,
१४ सप्टेंबर

प्रिय सिग्ने,

अनेक आशीर्वाद. येथील सर्व यथास्थित आहे, असे लिहिण्याची रीत आहे. ती मी पाळली, असे समज.

यंदा मे महिन्यातच ऊन तापले. कीड तारखेवर चालत नाही, साचलेल्या उष्णतेवर चालते. त्यामुळे फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग लवकर उडाला आणि फवारणीही मला लवकर उरकावी लागली. गाला जातीच्या सफरचंदांची तोडणी संपली. हनीक्रिस्प जातीला मात्र रंग धरत नाही, कारण रात्री गार होत नाहीत.

फळमाशीचे सापळे मी दर सोमवारी पाहतो. ओढ्याकाठच्या काटेरी हॉथॉर्नवरचेही. सर्व रिकामे आहेत. ही माशी मूळची त्या रानझुडपाची. पुढे ती सफरचंदावर आली आणि त्याचीच झाली. ज्या फळात वाढली, त्याच्याच वासाकडे ती बहुधा वळते. आपल्या कोरड्या, तापलेल्या मातीत तिचा कोष सहसा तग धरत नाही. परंतु पाणी दिलेल्या बागेत तो धरू शकेल. डोंगरापलीकडे ती आहेच. म्हणूनच घरच्या झाडाचे फळ तिकडून इकडे आणू नये, असा नियम आहे. रस्त्यावर तशी पाटीही आहे. तिच्यासमोरूनच तू गाडी चालवत आलीस.

ऑगस्टमध्ये तू आईसाठी सिएटलच्या परसातली सफरचंदे आणलीस, तेव्हा मी ती टोपली अंगणातच अडवली, फळे दोन पिशव्यांत बांधली आणि फ्रीझरमध्ये टाकली.

"बाबा, आईनं दिलेल्या कलमाच्या काडीचं पहिलं फळ आहे हे!" तू म्हणालीस.

"माशीला नाती कळत नाहीत," मी म्हणालो.

तू कॉफीही न घेता गेलीस. नियम योग्य आहे. उद्याही मी तेच करीन.

तुझी आई आता खालच्या खोलीत झोपते. जिना तिला चढवत नाही. परिचारिका सकाळ-संध्याकाळ येते. काल दुपारी आईने विचारले, "सिग्नेची फळं कुठंयत?"

"गोठली आहेत."

"मग आतली अळी मेली असेल की! का तिचंही व्याकरण तपासायचंय तुला?"

मी काही फळे काढली, भरपूर शिजवली, गाळली आणि दालचिनी घातली. अळी एकाही फळात नव्हती. ही नोंद तुझ्या बाजूने करतो. आईने दोन चमचे खाल्ले.

"पाणचट लागतंय," ती म्हणाली. "पोरगी झाडाला पाणी फार घालते. सांगायला हवं तिला." मग तिने भिंतीकडे तोंड केले. "बोलव रे तिला, म्हाताऱ्या. मुद्दे मांडत बसू नकोस. नुसतं बोलव."

मी फोन केला. तू उचलत नाहीस. 'मला तुमच्याशी बोलायचं नाही' या तुझ्या निरोपाला पूर्णविराम नव्हता. तो अपुरा राहिला असावा, असे मी गृहीत धरले आहे.

मला विशेष काही वाटत नाही, सिग्ने. जानेवारीत हातमोज्यांवाचून छाटणी केली, की बोटे आपली वाटेनाशी होतात, तसे काहीसे झाले आहे. कामे होतात. जेवणही होते.

शेजारचा डेलबर्ट उद्या पहाटे ट्रक घेऊन सिएटलला निघतो आहे. तो हे पत्र तुझ्या हाती देईल. त्याला काही विचारू नकोस. मी त्याला काही सांगितलेले नाही.

आज परिचारिकेने मला स्वयंपाकघरात बोलावले, दार लावून घेतले आणि सांगितले, "रविवार गाठला तर पुष्कळ."

रविवारच्या आत ये. त्यानंतर आलीस, तर ती भेट फक्त माझीच होईल.

तुला नुसते बोलावणारा,
तुझा बाप
हॅल्वर