कुठे म्हणून विचारायचं नाही

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी लिहायला बसले आहे. कारण हात रिकामे राहिले की ते फोनकडे जातात, आणि माझा हात फोनकडे गेला की पलंगावर पडलेली सून दचकून उठून बसते. तिचे दिवस भरत आले आहेत. तिला असं सारखं दचकवणं बरं नाही. म्हणून मी वही घेतली आहे आणि हिशेब लिहिते आहे असं तिला सांगितलं आहे. खरं म्हणजे तुमच्या नातवाची तक्रार तुमच्याकडे करते आहे. तो आफ्रिकेत शिकारीला गेला आहे. रविवारी संध्याकाळी फोन करतो म्हणाला होता. आज सोमवार, दुपार झाली, बाहेर मे महिन्याचं ऊन आहे, आणि फोन आलेला नाही.

तुम्ही त्याला पाहिलं नाही. तो व्हायच्या आधीच तुम्ही खोकून खोकून गेलात. लहानपणी तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणी पाहून तो दगडांच्या नादी लागला, त्यातच शिकला, आणि आता दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाणीत मोठ्या हुद्द्यावर आहे. बोलणं मात्र आपलंच राहिलं आहे. गेल्या गुरुवारी फोनवर म्हणाला, "आई, ऑफिसातल्या पोट्ट्यायसंग डोंगरात शिकारीले जाऊन राहिलो उद्या." मी म्हटलं, "कायच्या शिकारीले? उंदराच्या?" घरात उंदीर निघाला की स्टुलावर चढणारा मुलगा हा! तो हसला. म्हणाला, कुडू म्हणून एक जनावर असतं, आपल्या सांबरासारखं, पिळाची शिंगं असतात, तिथे रीतसर परवाना काढून मारता येतं. डोंगरात रेंज नसते, काळजी करू नको. आपल्याकडे आता रानडुकराला दगड मारला तरी वनखात्याला उत्तर द्यावं लागतं, आणि हा परवाना काढून सांबर मारायला निघाला. मला राग आला, भीती वाटली, आणि पुढचा प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आला. तो मी गिळला. का गिळला ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच शिकवलेलं आहे. निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारायचं नाही.

तुमच्याएवढं कडक ते कोणी पाळलं नसेल. तो शेजारचा गोविंदा आठवतो का? त्याला काही पोच नव्हता. नागपूरचे साहेब शिकारीचे वाटाडे म्हणून तुम्हाला न्यायला जीप घेऊन दारात आले होते. बंदुका, पाण्याची पखाल, साहेबाच्या डोक्यावर ती टोपी. तुम्ही कुऱ्हाड खांद्यावर टाकून ओट्यावरून पाय खाली ठेवला, आणि गोविंदा कुंपणावरून ओरडला, "कुठी चालले जी?" झालं. तुम्ही पाय वर घेतला. कुऱ्हाड भिंतीला लावली, मायकडून पाणी मागून प्यायलात आणि मांडी घालून बसलात. साहेब जीपमधून विचारतो आहे काय झालं, काय झालं, आणि तुम्ही नुसते हात जोडता आहात. ऊन कलेपर्यंत जीप दारात उभी होती. शेवटी साहेब चिडून परत गेला आणि तुम्ही त्या दिवशीची मजुरी घालवून वर गोविंदाला शिव्या देत बसलात. मी आणि माय घरात तोंडाला पदर लावून हसत होतो. तेव्हा मला एक गोष्ट नीट कळली होती, ती म्हणजे या एका शब्दाने तुमची शिकार थांबते.

शनिवारी मला राहवलं नाही. मी सुनेला विचारलं की नक्की कोणत्या डोंगरात गेला आहे तो. ती म्हणाली, "मले काय मालूम? मले वाटलं तुमी इचारलं असन." मी म्हटलं, तू त्याची बायको, तू विचारायचं नाही का? तर म्हणते, "निघता माणसाले कसं इचारू, आई? आमच्या माहेरी पवनीलेबी नाही इचारत." आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बाबा, एवढ्या शिकलेल्या दोन बायका. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना नकाशे शिकवले, आणि माझा मुलगा पृथ्वीवर कुठे आहे ते मला सांगता येत नाही. तो देश केवढा, त्यात डोंगर किती! त्याच्या बरोबरच्यांची नावं माहीत आहेत ती नुसती अर्धी, नंबर एकाचाही नाही. काल रात्री फोनची वाट पाहून थकलो तेव्हा खाणीच्या ऑफिसात लावून पाहिला. तिथे जोडून सुट्या आहेत म्हणे, यंत्रच बोलत राहिलं. पोलिसांना कळवावं तर काय कळवणार? डोंगरात गेला आहे म्हणून सांगणार? मग ते पहिलं काय विचारतील ते मला ठाऊक आहे. आपल्या गावी, आंबागडलाही लोकांनी मायला तेच विचारलं होतं.

तो दिवस मी कधी कोणाला सांगत नाही. आज सकाळपासून मात्र तोच दिवस चालू आहे. आदल्या संध्याकाळी साहेबाने किल्ल्याच्या बाजूला मचाणावरून बिबटावर गोळी झाडली. ती नीट बसली नाही, बिबट जखमी होऊन निसटला. साहेबाला नागपूरला काम होतं, तो गेला निघून. तुम्ही उजाडायच्या सुमाराला उठलात. गावातली एकुलती एक, दारू ठासून भरायची भरमार बंदूक तुम्ही मागून आणली होती. जखमी बिबट गावाजवळ ठेवून चालत नाही, एवढंच तुम्ही बोललात. माय चुलीपुढे भाकर थापते आहे. ती मान वर करते, तुमच्याकडे बघते, तिचं तोंड उघडतं आणि परत मिटतं. मी ते बघते आहे. तिने विचारलं असतं तर तुम्ही बसला असता. तिलाही ते माहीत आहे. ती भाकर उलटते आणि तुम्ही जाता.

संध्याकाळ झाली तरी तुम्ही आला नाहीत. माणसं जमली, कंदील आले, जनावर हाकायला वाजवतात ते डबे आले, ढोल आले. पाटलाने मायला विचारलं, "कोन्या बाजूले गेला?" मायने नुसती मान हलवली. पाटील खेकसला, "अवो, नवरा बंदूक घेऊन जाते अन् तुले मालूम नाही?" माय म्हणाली, "मी कशी इचारू जी?" त्यावर पाटलाने मुकाट कंदील उचलला, कारण त्याच्याही घरी कोणी विचारत नव्हतं. गोळी किल्ल्याच्या बाजूला झडली होती म्हणून सगळे किल्ल्याकडे गेले. आम्ही दोघी ओट्यावर बसून ते डबे ऐकत होतो. आवाज आला म्हणजे माणसं आहेत, आणि डबे वाजताहेत म्हणजे तुम्ही सापडला नाहीत. मायने माझा हात इतका घट्ट धरला होता की सकाळी बोटं सुजली होती.

दुसऱ्या दिवशी एका गुराख्याला तुम्ही तलावाच्या बाजूला सापडलात. अगदी उलट दिशेला. रक्ताचा माग काढत तुम्ही तिकडे गेला होता, कारण जखमी जनावर पाण्याकडे जातं. बांबूच्या बेटात बिबटाने तुम्हाला खांद्याला धरलं, बंदूक कुठल्या कुठे गेली. तुम्ही कुऱ्हाडीने मारलं, तोही पडला, तुम्हीही पडलात. नंतर कित्येक महिन्यांनी, तो हात कायमचा लुळा झाल्यावर, चुलीजवळ बसून तुम्ही मायला सांगत होता. मी झोपले आहे असं तुम्हाला वाटलं होतं. "तुमचे डबे आयकू येत होते मले," तुम्ही म्हणालात. "किल्ल्याकडे जात होते, दूर दूर. आवाज द्यावा म्हटलं तं तो बाजूलेच होता, मेला नव्हता. धापा टाकून राहिला होता. मी ओरडलो असतो तं तो उठला असता. म्हनून चूप पडून रायलो अन् तुमाले दूर जाताना आयकत रायलो."

बाबा, मी म्हातारी झाले तरी मला बिबटाचं स्वप्न पडत नाही. मला त्या डब्यांचं पडतं. आपली माणसं आपल्यालाच शोधायला निघाली आहेत आणि उलट्या बाजूला चालली आहेत. माय त्या रात्री चुलीजवळ रडत म्हणाली होती, "मी इचारलं असतं तं तुमी बसले असते." तुम्ही म्हणालात, "अन् त्यानं गावातलं एखादं पोट्टं नेलं असतं तं?"   पण माझा मुलगा काही गाव वाचवायला गेलेला नाही, हौस म्हणून गेला आहे. मग मी का गप्प बसले?

मघाशी सून फोनमध्ये बघून म्हणाली, "आई, तिकडच्या डोंगरातबी बिबटे असते म्हनते." मी तिला फोन ठेव म्हणून दटावलं आणि आत जाऊन पाणी प्यायले. पाणी प्यायल्यावर मोरीत उभी राहून थोडी रडले. परत येऊन बसले तर ती मला म्हणाली, "हिशेब जुळून नाही राहिला का?" पोरगी हुशार आहे.

इथवर लिहिलं आणि फोन वाजला. सुनेने घेतला, आणि तिच्या तोंडाकडे पाहूनच मला कळलं. तिने तो स्पीकरवर टाकला. "काहून वं एवढे फोन लावले तुमी दोघीनं?" असा तुमचा नातू. जसा बाजारातून भाजी घेऊन आला आहे. मी म्हटलं, काल करणार होतास. तर म्हणाला, "अवं, माही गोळी बरोबर नाही बसली. जखमी झालं ते अन् दरीत उतरलं. मंग तसंच सोडून येता येते का? एक दिवस जास्त रायलो." तिथला वाटाड्या त्याला म्हणाला की लगेच मागे लागायचं नाही, बसायचं. तो दगडावर बसून आरामात सिगारेट ओढत राहिला, तेव्हा याला, माग काढायच्या आधी तुम्ही ओढायचात त्या विडीची आठवण झाली. मीच सांगितलेल्या गोष्टी. तो आनंदाने सांगत होता. मी विचारलं, "पुढे कोण होतं?" "वाटाड्या. अन् त्याच्या मागं मी." "बिबटे असतात म्हणे तिथे." "असते ना. पंजे पायले आमी. आपलं कुडू तं सापडलं आज सकाळी, पन दरीत रात्रभर कोनी तरी आमच्या मागं मागं होतं, वाटाड्या म्हने." सुनेने पोटावर हात ठेवला.

मग तो म्हणाला, "आई, पुढच्या महिन्यात हे लोक रानरेड्याच्या शिकारीले जाऊन राहिले. मलेबी चाल म्हनते. मी चाललो."

सून माझ्याकडे बघत होती. बाबा, माझ्या समोर चूल नव्हती, भाकर नव्हती, फॅन फिरत होता, बाहेर भंडाऱ्याला जाणारी एसटी हॉर्न वाजवत होती. पण माझं तोंड उघडलं तेव्हा ते मायचंच होतं. आणि ते मी मिटलं नाही.

"कुठे?" मी म्हटलं.

 मला वाटलं रेंज गेली. मग तो हळूच म्हणाला, "आई, तू इचारलं?"

"हो, विचारलं. कुठे चाललास?"

"अवं..." एवढंच म्हणाला आणि हसायला गेला, पण हसला नाही. माझाच मुलगा आहे, माझ्याच ओट्यावर वाढला आहे. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बरं," तो म्हणाला, "बसतो मी. पानी पितो." सुनेने फोन ठेवला. 

तुम्हाला हे आवडणार नाही. मी रीत मोडली, तीही फोनवर, तीही जाणूनबुजून. आणि एकदा बसला म्हणून तो कायमचा बसेल असं नाही, तुम्हीही दुसऱ्या दिवशी जातच होता. मग मी परत विचारीन. तो निघेल तितक्यांदा विचारीन. हे पान फाडून चुलीत घालावं तर घरात चूलच नाही, तेव्हा वहीतच राहू देते. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली. त्याने उत्तर दिलंच नाही, आणि फोन ठेवून इतका वेळ झाला तरी तो कोणत्या डोंगरात होता ते मला अजून माहीत नाही. मी पत्ता मागत नव्हते, बाबा. मला फक्त तो बसायला हवा होता.