तक्त्यातलं रिकामं वर्तुळ

मंगळवार, ९ सप्टेंबर

दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. छोटीला काय सांगायचं ते शेवटी लिहिते. मी बरी आहे. 'बरी' म्हणजे नेमकी किती, तेही पुढे येईल. फोन केला नाही, कारण फोनवर आपण पहिल्याच मिनिटाला भांडतो. आधी काय घडलं ते क्रमानं. "सुरू झाली फूटपट्टी" म्हणशील. म्हण.

१. आमच्या संशोधन कार्यक्रमात अचानक, तरुणपणी माणसं गेलेल्या घराण्यांचे वंशवृक्ष जमवतात आणि रक्तातली जनुकं तपासतात. पैसा अनुदानाचा. त्याचा हिशेब, परवानग्या आणि अहवाल माझ्याकडे असायचे.

२. जुलैच्या आढाव्यात नवे तक्ते समोर आले. त्यांत नावं नसतात. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ. दोष सापडला की आकृती काळी भरतात.

३. एका तक्त्यात एक चौकोन होता: वय एकोणीस, 'पोहताना'. शेजारी त्याची बहीण: बावन्न, 'धावत बस पकडताना'. तिला दोन मुलं. त्यातल्या मुलीचं वर्तुळ रिकामं, बाजूला टीप: 'संपर्क नाही'.

४. ते वर्तुळ मी आहे.

५. त्याच दुपारी मी अध्यक्षबाईंना सांगितलं आणि कार्यक्रमातून बाहेर पडले.

६. मग बाहेरच्या दवाखान्यात नंबर लावून स्वतःची तपासणी करून घेतली.

७. निकाल आला.

पाचव्या मुद्द्याबद्दल थोडं. कर्मचाऱ्याचं कुणी नात्यातलं अभ्यासात आलं, तर कर्मचाऱ्यानं बाजूला व्हायचं, हा नियम मीच लिहिला होता. अध्यक्षबाई चष्मा काढून म्हणाल्या, "अगं, तेव्हाच मी म्हटलं होतं, हा नियम कुणाला आडवा येणार आहे?" मी म्हटलं, "मला." त्या हसल्या नाहीत. चार वर्षांत उभं केलेलं काम होतं ते. किल्ल्या देताना नमुन्यांच्या शीतकपाटाची किल्ली जुडग्यातून निघेना, नख तुटलं. एवढंच.

तू या अभ्यासात नाव नोंदवलंस हे मला माहीत नव्हतं. आईच्या वेळी मी शवविच्छेदन मागितलं तेव्हा तू दवाखान्याच्या जिन्यात सगळ्यांदेखत म्हणालास, "तुला आई नकोय, नमुना हवाय." त्यानंतर आपण बोललो नाही. मी तेव्हा चूक होते असं मला आजही वाटत नाही. पण तू आपण होऊन त्या खुर्चीत बसलास, बाही वर केलीस, मामाचं वय बरोबर सांगितलंस. ते कळून मला बरं वाटलं. हे एकदाच लिहिते.

आता मुद्दा. परवा मावशीशी छोटीबद्दल बोलले.

"पोरगी मासोळी आहे गं नुसती! अगदी तुमच्या मामावर गेलीय. एकवीस तारखेला शाळेतर्फे पोहायची स्पर्धा आहे."

"मावशी, तिला डॉक्टरांना दाखवलं का?"

"दाखवलं की. तुमच्या त्या समुपदेशकबाईंनी सांगितलं म्हणून दादानं स्वतःचा न् तिचा, दोघांचा ईसीजी काढला. घड्याळासारखं चाललंय म्हणाले डॉक्टर. बाप आहे तो, हातावर हात धरून बसेल का?"

माझाही ईसीजी असाच स्वच्छ आला होता. डॉक्टर म्हणाले होते, "हा तर विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवावा असा." तीन आठवड्यांनी रक्ताचा निकाल आला. जनुकात बदल आहे, दादा. हृदयाच्या ठोक्यांचा, आईच्या घराण्यातला. मला आहे. हा दोष कधी ईसीजीत दिसतो, कधी लपतो, आणि धावताना किंवा पाण्यात अचानक घात करतो. मामा पट्टीचा पोहणारा होता. तो बुडाला कसा, हे कोडं घरात कुणालाच सुटलं नव्हतं. मला वाटतं, आता सुटलं.

तू आमच्या निकालाची वाट बघत असशील तर बघू नकोस. ती उत्तरं संशोधनासाठी असतात. अनुदान संपेपर्यंत घरी कळवत नाहीत. तुझा नमुना मी पाहिलेला नाही, कुणाला विचारलेलंही नाही. तुझा पत्ता कार्यालयाच्या कागदांत होता, तरी तो मी मावशीकडून घेतला. मी फक्त माझा निकाल तुला सांगतेय. तो माझा आहे, कुणालाही सांगेन.

तुझ्यात हा बदल असण्याची शक्यता निम्मी. नसेल, तर छोटीला तो आपल्या घराण्याकडून येऊच शकत नाही; विषय संपला. असेल, तर तिचीही तपासणी करायची. नेमकं काय शोधायचं ते माझ्या निकालामुळे माहीत झालंय, त्यामुळे फार दिवस लागणार नाहीत. निकालाची प्रत सोबत आहे, ती डॉक्टरांना दाखव. आणि दोष निघालाच तरी हातपाय गाळायचं कारण नाही. मी रोज सकाळी एक गोळी घेते. पहिल्या आठवड्यात पाय जड वाटले, आता नाही वाटत.

पण उत्तर येईपर्यंत ती पाण्यात उतरता कामा नये. सरावाला नाही, स्पर्धेला तर नाहीच. ती रडेल, शाळेचे सर तोंड वाकडं करतील, तू माझ्यावर चिडशील. चालेल. तिला सांग, आत्यालाही डॉक्टरांनी सध्या काठावर बसवलंय. दोघींनी पाय तेवढे बुडवायचे.

समुपदेशकबाई पुन्हा भेटल्या की त्यांना एक दुरुस्ती सांग. ते वर्तुळ आता काळं भरायचं. आणि बाजूची टीप खोडायची की नाही, ते तू ठरव.

छोटीला पाण्याबाहेर ठेवलंस का आणि रक्त कधी देतोयस, एवढंच गुरुवार, १८ तारखेपर्यंत कळव. मला लिहायचं नसेल तर मावशीकडे निरोप दे. काहीच आलं नाही, तर शुक्रवारी सकाळी मी तुमच्या दारात असेन. तू दार उघडलं नाहीस तर वहिनी उघडेल.

तुझी,
फूटपट्टी