महालक्ष्म्यांपुढचे डायनासोर

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
भाद्रपद शुद्ध एकादशी

प्रिय कालिंदी,

अनेक उत्तम आशीर्वाद. पूर्वी दिलेले तू परीक्षांच्या काळात वापरून संपवलेस, म्हणून हे नवीन.

प्रारंभी एक अधिकृत निवेदन. तुझे दोनशेहून अधिक प्रागैतिहासिक प्राणी सात खोक्यांतून प्रवास करीत, गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी आपल्या दुसऱ्या मजल्यावर सुखरूप अवतरले. कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसे झालेले जीव शेंद्र्याच्या टेम्पोतून परत यावेत, हा पुनर्जन्माच्या सिद्धांताला लाभलेला सबळ पुरावा होय, असे मी जिना चढता चढता रामकिसनला सांगितले. हा रामकिसन माझा जुना विद्यार्थी. त्याला संस्कृतात उत्तीर्ण करण्याच्या माझ्या प्रयत्नांना सातत्याने अपयश आले. आता तो शेंद्र्याच्या कारखान्यांतला माल चाकणला पोहोचवतो आणि परतताना रिकाम्या टेम्पोत ओळखीच्यांचे सामान आणतो. तो म्हणाला, "सर, पुनर्जन्माचं तुम्ही बघा. ताईनं लई जपून न्या म्हनून सांगितलं, म्हनून पुण्यापासून खड्डे चुकवत आलोय." मग शेवटचे खोके खाली ठेवून, घाम पुसत, सहज बोलावे तसा म्हणाला, "ताई गेटवर एकट्याच उभ्या व्हत्या. दुपारीच ये म्हनल्या, साहेब हापिसात असतानाच." तुझ्या आईने त्याला पाणी दिले. मी खोक्यावरचा पत्ता वाचू लागलो, जणू तो मला पाठ नव्हता.

सोबतचा तुझा निरोप एका ओळीचा होता: 'इथे जागा पुरत नाही, तुमच्याकडे राहू देत.' अध्यापकाने मूळ संहितेचा मान राखावा, म्हणून मी हे विधान जसेच्या तसे स्वीकारले. तथापि तुमची सदनिका तीन खोल्यांची असून तीत माणसे दोन, ही गोष्ट भाष्यकाराच्या नजरेतून सुटणे अवघड. तीन वर्षांपूर्वी ह्याच मंडळींना तू रुखवतात मांडलेस. इतर नवऱ्यामुली जिथे मण्यांची तोरणे आणि साखरेची देवळे ठेवतात, तिथे तुझ्या टेबलावर शिंगे, कल्ले आणि कराल दंतपंक्ती होत्या. दोन मामा आणि मंगल कार्यालयाचा आचारी मुहूर्त विसरून तिथे उभे राहिले होते. तुझ्या सासूबाईंनी विचारले, "हे सगळं आमच्याकडे येणार?" आणि जावईबापू हसून म्हणाले, "येऊ दे की, एक भिंत देऊन टाकू." त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस प्रसन्न होतो. लेकीला सासरी अख्खी भिंत मिळाली, ही वार्ता मी महाविद्यालयाच्या अध्यापककक्षात न विचारताच प्रसृत केली होती. रुखवत सासरी जाते. ते परत येण्याचा विधी कोणत्याही ग्रंथात नाही. मी शोधून पाहिला.

आता उत्खननाविषयी. प्रत्येक प्राणी तू कापडात गुंडाळला होतास, आणि ते कापड म्हणजे चिंध्या नव्हत्या. आम्ही उलगडत गेलो तसा तुझ्या आईपुढे दुसराच ढीग वाढत गेला: कार्यालयात घालायचे कुडते, ओढण्या, निळा स्वेटर, आणि मॅमथच्या पोटाशी घट्ट बांधलेली दिवाळसणाची पैठणी. मॅमथला शीतबाधेचे भय असावे, असा एक विनोद मी केला. त्याला कोणी हसले नाही, मीही नाही. तुझ्या आईने एकेक कपडा झटकला, घडी घातली आणि तुझ्या जुन्या कपाटात लावला. खालचा कप्पा भरल्यावर तिने वरच्या कप्प्यातल्या माझ्या गरम टोप्या काढून मला परत केल्या.

ह्या प्राण्यांना स्नान घालणे आवश्यक होते, परंतु आपल्या नगरीत स्नान हा नैमित्तिक विधी आहे. आठवड्याने नळ आला त्या दिवशी दोन बादल्या त्यांच्यासाठी मंजूर झाल्या, आणि तेच पाणी पुढे गॅलरीतल्या तुळशीवाचून इतर सर्व झाडांना गेले. मी दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेकाची पाठ घाशीत होतो. त्यात लांब मानेचा डिप्लोडोकस हाती आला. तू बक्षिसाच्या पैशातून घेतलेला तोच. त्याची मान आणि धड तू वेगवेगळी गुंडाळली होतीस. तुला स्मरत असेल, हाच सद्गृहस्थ एकदा आपल्या गॅलरीतून थेट खाली आशाबाईंच्या स्कूटरवर कोसळला होता. स्कूटरला पोचा आला, ह्याला ओरखडाही नाही. मी संस्कृतचा अध्यापक. बल आणि गती हे माझे विषय नव्हेत. तरी हा आपोआप पडून मोडलेला नाही, एवढे अनुमान मलाही काढता येते. मी चिकटद्रव्याची नळी घेऊन बसलो तेव्हा तुझी आई म्हणाली, "राहू द्या तसंच. ती आल्यावर तिला वाटलं तर चिकटवेल." 'आल्यावर' हा शब्द घरात तेव्हा प्रथम उच्चारला गेला. आम्ही दोघांनीही तो ऐकलाच नाही असे दाखवले.

ह्या सगळ्यांना महालक्ष्म्यांपुढे आरास म्हणून मांडायची कल्पना माझी नव्हे, तुझ्या आईची. मी केवळ आराखडा केला. ट्रंका, गव्हाचे डबे आणि उलटे पाट रचून पाच पायऱ्या केल्या, वर पांढऱ्या चादरी अंथरल्या. माझी योजना कालानुक्रमाची होती: तळाशी जलचर, मग उभयचर, मग डायनासोरांचे तुझे तीन प्रसिद्ध कालखंड, आणि सर्वांत वर मॅमथादी सस्तन. प्रत्येकापुढे नामफलक: त्रिशृंग, गदापुच्छ, दीर्घग्रीव, शीघ्रचोर. टी-रेक्सच्या इंग्रजी नावाचा अर्थ जुलमी राजा असा होतो हे कळल्यावर त्याला मी 'प्रजापीडक' ही पदवी दिली. तुझ्या आईने ही पाच पायऱ्यांची शास्त्रीय रचना दोन मिनिटे पाहिली आणि एकच प्रश्न केला, "ह्यांतले मांस खाणारे कोणते?" पुढे सोळा भाज्या आणि पुरणाचा नैवेद्य, आणि त्याच्याकडे तोंड करून प्रजापीडक उभा, हे तिच्या सोवळ्यात बसेना. परिणामी एका तासात पृथ्वीचा समग्र इतिहास आहारानुसार पुन्हा लिहिला गेला. शाकाहारी पहिल्या पंक्तीला. मासे खाणारे कोकणातल्या पाहुण्यांसारखे मधल्या पायरीवर, मानाने पण जरा अंतरावर. आणि उरलेले मखराच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. एका प्राण्याच्या बाबतीत मात्र तिने स्वतःचा नियम मोडला. ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडचोर. अंड्यांपाशी सापडली म्हणून पंडितांनी तिला चोर ठरवले, आणि पुष्कळ वर्षांनी कळले की ती आपल्याच घरट्यावर बसली होती. हे आठवीत असताना तू जेवायच्या पानावर सांगितले होतेस आणि तुझा वरणभात थंड झाला होता. मी विसरलो होतो. तुझ्या आईने तिचा नामफलक उचलून माझ्या हातात दिला आणि तिला पहिल्या पायरीवर नेऊन बसवले.

ज्येष्ठेच्या दिवशी सायंकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. मी आतल्या खोलीत पुरुषोचित अदृश्यतेने बसलो होतो, परंतु आपल्या भिंतींची जाडी तू जाणतेस. तळमजल्यावरच्या आशाबाईंचा आवाज प्रथम आला. "अंबिकाताई, औंदा सरडे बसवले का महालक्ष्म्यांपुढं?" आई म्हणाली, "डायनासोर आहेत ते. कालिंदीचे." "कालिंदीचे? म्हंजी हे रुखवतातलं ना? मी व्हते की लग्नाला. परत धाडलं व्हय तिनं?" बाहेर निरांजनाची वात चरचरलेली मला ऐकू आली. मग तुझी आई म्हणाली, "धाडलं नाही. मीच मागवून घेतलं, आरास करायला." कालिंदी, साक्षात ज्येष्ठा आणि कनिष्ठा समोर बसलेल्या असताना तुझी आई खोटे बोलली. जी बाई दूधवाल्याला 'साहेब घरात नाहीत' असे कधी सांगत नाही, ती. मी जागच्या जागी उठून उभा राहिलो. देवींसाठी नव्हे, तुझ्या आईसाठी.

बायका गेल्यावर मी पायऱ्यांवरचे कलंडलेले फलक सरळ करीत होतो. आशाबाई चप्पल शोधायला मागे राहिल्या होत्या. मी काही विचारले नव्हते, तरी हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, माझी धाकटी परत येऊन आठ वर्सं झाली. सोयगावला कापडाचं दुकान टाकलंय तिनं. पैल्या वर्षी लोक बोलले. दुसऱ्या वर्षी तेच लोक कापड घ्यायला आले." चप्पल सापडल्यावर पुन्हा म्हणाल्या, "तुमच्या बाईसाहेबांना खोटं बोलता येत नाय. पुढल्या वक्ताला मला बोलवा, मी बोलते." ह्या बाईंना आपल्या इमारतीचे आकाशवाणी केंद्र म्हणणारा मीच. ती पदवी मी मागे घेतली आहे.

तुला महालक्ष्म्यांना बोलवायला आईने दूरध्वनी केला होता, तेव्हा तो तुमच्याकडे नेहमीप्रमाणे, खोलीभर ऐकू जाईल असा, स्पीकरवर होता. "कालिंदीला रजा नाही, आई," हे उत्तर तुझ्या वतीने जावईबापूंनी दिले. मागून तू "हो" म्हणालीस. शब्दांवर उपजीविका करणाऱ्या माणसाने आजवर असंख्य होकार ऐकले आहेत; तसला नव्हता ऐकला. मी पुष्कळ दिवस असे समजत होतो की आपले जावई सासू-सासऱ्यांशी बोलायला फार उत्सुक असतात, म्हणून प्रत्येक वेळी मध्ये येतात. किती भोळे अनुमान. त्या गृहस्थांविषयी ह्याहून अधिक लिहायला मी योग्य शब्द शोधतो आहे, आणि जे सापडतात ते तुझ्या आईच्या देखत लिहिता येत नाहीत.

परवा मूळ नक्षत्रावर महालक्ष्म्या गेल्या. दोन्ही मुखवटे कापसात गुंडाळून पेटीत ठेवताना तुझी आई दरवर्षी म्हणते तेच म्हणाली, पुढच्या वर्षी या. मग आम्ही आरास उतरवून तुझ्या खोलीत लावायला घेतली. त्या खोलीच्या दोन भिंती गेली तीन वर्षे माझ्या ग्रंथांनी व्यापल्या होत्या, हे तू शेवटी आलीस तेव्हा पाहिलेच. ते आता स्वयंपाकघराच्या माळ्यावर आहेत. शब्दकोशाचा दुसरा खंड तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकून उभा आहे आणि दोघांचेही काही बिघडलेले नाही. फळ्या मी पुसल्या. मी पुन्हा कालानुक्रमाचा आग्रह धरणार होतो, पण तुझ्या आईला तू लहानपणी कसे लावायचीस ते जसेच्या तसे आठवत होते: पिल्ले खिडकीशी, त्यांच्यापुढे लांब मानेचे, आणि सगळ्यांच्या पुढे, दाराकडे तोंड करून, शिंगे असलेले. मी तेव्हा तुला विचारले होते की ही कोणती वर्गीकरणपद्धती. तू म्हणाली होतीस, "बाबा, दारातून कोण येईल ते माहीत नसतं ना." आम्ही दोघे हसलो होतो. काल आम्ही तसेच लावले.

हे पत्र टपालाने पाठवीत नाही, तुमच्या घरी तर नाहीच. रामकिसन ते उद्या तुझ्या कार्यालयात तुझ्याच हातात देईल. दुसऱ्या कोणाला द्यायचे नाही हे त्याला मी, आईने आणि पुन्हा मी असे सांगितले आहे. येत्या शुक्रवारी तो पुन्हा चाकणला जाणार आहे, आणि त्याच्या शेजारच्या आसनावर मी बसणार आहे. दुपारी तुझ्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर मी उभा असेन. तू काय झाले ते सांगायची गरज नाही. ज्या दिवशी सांगावेसे वाटेल त्या दिवशी सांग, कधीच वाटले नाही तरी चालेल. घरी जाऊन काही आणायचे असेल तर आपण दोघे मिळून जाऊ, मी दारात थांबेन. काही आणायचे नसेल तर सरळ टेम्पोत बस. आणि यायचे नसेल, तर मला तिथेच एक चहा पाज आणि परत पाठव. मी रागावणार नाही. आईला सांगेन की तू बरी दिसलीस, किंवा जशी दिसशील तशी. मात्र त्याच्या पुढच्या शुक्रवारीही मी येईन.

तुझाच,
बाबा