डॅगरबोर्डची झिजलेली कड

६ जानेवारी १९९७, सोमवार
सांगणारी मी, लिहिणारी सून वीणा. म्हणून तिच्याबद्दल चांगलंच सांगते. आज चहा बरा होता.
माझ्या मुलाने, पद्माकरने, मोडकी कॅटमरान आणलीय. दोन होड्या, मधे जाळी, वर शीड. मागच्या शेडमध्ये रिपेरी चालू. एकोणीस तारखेला हलसूरच्या तळ्यावर रेस. क्लबातले म्हणतात, हा सांगाडा तरंगला तरी पुष्कळ. त्यांना दाखवून द्यायचंय त्याला.
संकल्प : बोटीत लक्ष घालायचं नाही.

८ जानेवारी
लक्ष घातलं नाही. नुसतं पाहिलं. प्रत्येक होडीच्या पोटातून एक उभी फळी पाण्यात सोडतात, म्हणजे बोट आडवी सरकत नाही. तिला डॅगरबोर्ड म्हणायचं. पुढची कड छान जाड, गोल. मागची सुरीसारखी. पॉलिशपेपर घासून घासून झिजवलीन पोराने. बोलले नाही.

१० जानेवारी, दुपारी
पद्माकर ऑफिसात. व्यंकोजी सुताराला बोलावलं. म्हणाला, अक्का, स्वल्प थांबू या, अण्णांना येऊ दे. मी म्हटलं, तुझ्या अण्णांना चड्डी घालायला कोणी शिकवलं? सरी, तुम्ही म्हणाल तसं, म्हणाला आणि करवत काढली. दोन्ही फळ्यांची झिजकी कड उडवली. आता पुढून-मागून सारख्या, पाटासारख्या देखण्या. वर निळा ऑइलपेंट.

रात्री
पद्माकरने फळ्या पाहिल्या. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. भारावला असणार. मग म्हणाला, नव्या करायला आता वेळ नाही. नव्या कशाला?

१४ जानेवारी, संक्रांत
एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इथला तीळगूळ, द्यायला गेले तेव्हा शेजारच्या सुनंदाबाईंना सांगितलं, निम्मी बोट मीच केली. वीणाला ठसका लागला. पद्माकर माझ्याशी नुसतं हं-हं करतो. रेसचं टेन्शन.

१९ जानेवारी, रविवार
रेस झाली. पाण्यात फळ्या घूं घूं करत होत्या. काठावर सगळ्यांना सांगितलं, आमची बोट गाते. बाकीच्या उगाच घाई करून पुढे गेल्या. आमची आली तेव्हा अख्खं तळं तिला मोकळं.
पद्माकर निथळत शेजारी येऊन बसला. म्हणाला, आई, मागची कड मुद्दाम पातळ केली होती, पाणी अलगद सुटावं म्हणून. जाड कडेमागे पाणी घुसळतं, फळी थरथरते, बोट अडते. दिवाळीपासून घासत होतो गं. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.
वीणाला म्हटलं, लिही, वारा पडला म्हणून मागे राहिलो. लिहिलं म्हणाली. एवढ्याशा वाक्याला तिचा हात फार वेळ चालला; त्याचं बोलणंही लिहिलंन वाटतं.