घर त्रिवेणीचे, गंगावन हणमंतरावांचे

त्या सकाळी मी नळावरून पाणी भरले, चूल पेटवली, ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि दोन डबे बांधले. एक माझा, एक माझी धाकटी जाऊ त्रिवेणी हिचा. सासूबाई उंबऱ्यात बसून त्रिवेणीची वेणी घालत होत्या. एरवी त्या सुनांच्या केसांना हात लावत नसत. त्या दिवशी त्यांनी वेणीत लोकरीचा गोंडा गुंफला, वेणी पाठीवर सोडली आणि म्हणाल्या, "आता ही वेणी वर बांधलीस, का बांगडी उतरवलीस, तर माझ्या लेकाचं मेलेलं तोंड पाहशील."

हे एकोणीसशे एकाहत्तरच्या लढाईचे दिवस. मृत्युपत्र लिहायला बसले की हीच सकाळ पुढे येते, म्हणून तीच आधी लिहिली. आता कायद्याचे.

मी, जयवंताबाई एकनाथराव हंबर्डे, वय पंच्याहत्तर, राहणार सिकंदराबाद, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी ते तपासून तसे लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणायला मुलगा सौरभ बरेचदा आला, दरवेळी चहा पिऊन गेला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मी शाळा पाहिली नाही. अक्षरे पुड्यांच्या कागदांवरून लावायला शिकले, पुढे जामबागेतल्या वाचनालयातून मराठी पुस्तके आणून वाचत गेले. मजकूर माझा आहे. वकिलाने फक्त कलमांना आकडे घातले.

कलम १. माझे यजमान कै. एकनाथराव यांनी माझ्या नावावर घेतलेले राहते घर, जागेसकट, मी त्रिवेणीला पूर्ण मालकीने देत आहे. कायद्याने ती आता माझी कोणी लागत नाही. म्हणूनच लिहावे लागते.

सौरभचे म्हणणे वेगळे आहे. "आई, बिल्डर दोन फ्लॅट देतोय. काकूला एखाद्या आश्रमात ठेवू, पैसे मी भरतो. नाहीतरी ती आपली कोण?"

मी म्हटले, "हळू बोल, ती मागच्या खोलीत आहे."

"तिला ऐकू कुठं येतं?"

येते. मशीनमध्ये फाटला तो डावा कान. उजव्याने तिला सगळे ऐकू येते. सौरभ, घर हवे असेल तर तिच्याकडे माग. आपण तिचे कोण लागतो, ते आधी तिला सांग.

त्रिवेणीला काय झाले ते सौरभला अर्धेच ठाऊक आहे, म्हणून पूर्ण लिहिते. माझे यजमान आणि धाकटे दीर हणमंतराव एकाच कारखान्यात लेथवर होते. लढाईच्या वेळी कामगारांना बोलावून घेतात त्या टेरिटोरियल फौजेत दोघांचीही नावे होती. बोलावणे आले आणि कारखान्यातले निम्मे कारागीर गेले. फौजेच्या ट्रकांचे बोल्ट करायचे काम मालकाकडे पडून होते, तेव्हा त्याने कारागिरांच्या बायका बोलावल्या. फोरमन ख्वाजा मियाँनी पहिल्याच दिवशी सांगितले, "चूड्याँ उतारो, चोटी ऊपर बांधो, पल्लू खोसो. मशीन शगुन-अपशगुन नईं देखती, अम्मा."

नवरा सीमेवर असताना हात मोकळे करणे आमच्यात विधवेचे लक्षण. म्हणून आम्ही दोघी फाटकाशी बांगड्या उतरवून रुमालात बांधायचो, अंबाड्यावर फडके आवळायचो आणि संध्याकाळी पुन्हा सगळे चढवून घरी यायचो. त्रिवेणी एकोणीस वर्षांची होती. हसायची. "जाऊबाई, आपण रोज सकाळी विधवा होतो अन् रोज संध्याकाळी आपलं लगीन लागतं." एका शेजारणीने आम्हाला फाटकाशी पाहिले आणि सासूबाईंना सांगितले. त्यानंतरची सकाळ वर लिहिली आहे.

शपथ मलाही घातली होती. मी मान हलवली आणि फाटकाशी रुमाल काढला. त्रिवेणीने काढला नाही.

"बांध गं ती वेणी."

"नक्को जाऊबाई. त्यांना काही झालं तर?"

ख्वाजा मियाँनी तिला मशीनपाशी येऊ दिले नाही. "तुम घर जाव," म्हणाले. मालक बाहेर ट्रक भरायला उभा होता, तो आत येऊन ओरडला आणि तिला लेथवर उभे केले. ती तयार बोल्ट काढायला वाकली. वेणी पुढे आली. आधी लोकरीचा गोंडा गुंडाळला गेला. ख्वाजा मियाँ पट्टा सोडवेपर्यंत केस कातड्यासकट मशीनला होते आणि त्रिवेणी जमिनीवर. ती नवऱ्याचा डबा द्यायला आत शिरली होती, असे मालकाने लिहून दिले. नवरा तेव्हा लढाईवर होता. कोणी विचारले नाही.

कलम २. हणमंतराव हंबर्डे, राहणार दिलसुखनगर, यांना माझ्या लाकडी पेटीतले गंगावन द्यावे. दुसरे काही देऊ नये.

भावजी, लढाईवरून तुम्ही धडधाकट आलात. त्रिवेणी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तुम्ही तिचा पदर उचलून पाहिलात, खाली टाकलात आणि मला म्हणालात, "वहिनी, चहा टाका." उन्हाळ्यात पंचांसमोर काडीमोड झाली. तिचा अंगठा सासूबाईंनी धरून उठवला. तिचे वडील आले होते. दिली तिथं मेली, म्हणाले, आणि जेवून गेले. तेव्हापासून ती माझ्यापाशी, मागच्या खोलीत. त्रिवेणीने शपथ पाळली म्हणून लेक वाचला, असे सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या. मी शपथ मोडली. माझ्या नवऱ्यालाही खरचटले नव्हते.

तुमच्या दुसऱ्या लग्नात नवरीचे, रंजनाचे, केस आखूड निघाले. सासूबाईंनी गंगावन करून आणले. ख्वाजा मियाँनी फडक्यात बांधून पाठवलेली त्रिवेणीची वेणी त्यांनी ठेवून घेतली होती, खालचे कातडे कापून टाकून. नवरी मागच्या खोलीच्या दारावरून गेली तेव्हा त्रिवेणी एवढेच म्हणाली, "छान केस आहेत तिचे."

रंजनाला हे कळले तेव्हा तिचे पहिले बाळंतपण झाले होते. भर दुपारी आली, गंगावन माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "जाऊबाई, मला ठाऊक असतं तर मी तशीच उभी राहिले असते मांडवात." त्यानंतर तिने केसांत काही माळले नाही. तुम्ही मात्र इतक्या वर्षांत मागच्या खोलीचे दार ओलांडले नाही. ही वेणी तुमच्यासाठी राखली होती. आता तुम्ही सांभाळा.

हे कलम मी त्रिवेणीला आधी वाचून दाखवले. ती म्हणाली, "मला त्या दिवशीच कळलं होतं. आपले केस कुणाला ओळखू येत नाहीत का?"

कलम ३. माझे मंगळसूत्र सून स्नेहा हिला. ते लढाईपासून देव्हाऱ्यात आहे, कारण खाली कळेल. स्नेहा, मिक्सर असो की मशीन, जवळ जाताना काढून ठेव. नवरा मरत नाही. माझा त्यानंतर चाळीस वर्षे टिकला. फौजेतून परत आला तेव्हा माझे डोके पाहून एवढेच म्हणाला, "वाढतील." त्याच्या पाठी बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा माझे हात रिकामेच होते. त्या ओशाळल्या. मला मात्र त्याची फार आठवण आली, आणि अजून येते.

कलम ४. बँकेतली ठेव त्रिवेणीच्या औषधपाण्यासाठी आणि डोक्याच्या मऊ सुती फडक्यांसाठी. जाड कापड तिला टोचते.

कलम ५. मला अग्नी त्रिवेणीने द्यावा. तिला झेपले नाही तर सौरभने. हणमंतरावांनी खांदा देऊ नये. ते आले तर त्यांना चहा द्यावा.

कलम ६. हे मृत्युपत्र सौरभने सर्वांसमोर, त्रिवेणीच्या उजव्या बाजूला बसून, मोठ्याने वाचावे. त्याला मराठी वाचायची सवय राहिली नाही. अडखळेल. कोणी मदत करू नये.

कलम ७. व्यवस्थापक म्हणून मी रंजना हणमंतराव हंबर्डे हिला नेमते. तिला ते कबूल आहे.

कलम ८. शिवणाच्या डब्यातली काळी कात्री माझ्या चितेवर ठेवावी.

तिचे कारण असे. त्या दिवसानंतरची सकाळ लिहायची राहिली. त्रिवेणी दवाखान्यात होती. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुझी शपथ अजून आहे बरं का."

मी पाणी भरले, भाकरी केल्या, एकच डबा बांधला. मग त्यांच्यासमोर बसून माझी वेणी मुळापासून कापली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या, मंगळसूत्र देवापुढे ठेवले आणि कामावर गेले.

सही: जयवंताबाई एकनाथराव हंबर्डे

आम्हा दोघांसमोर, आम्ही पाहत असताना, बाईंनी स्वतःच्या हाताने सही केली:
१. डॉ. वंदना अनिल देवणीकर
२. गौतम माधवराव सोनकांबळे

सिकंदराबाद, दिनांक १८ नोव्हेंबर २०२५