पन्नास सेंटांत गेलेला डबा

टालांडू, सोमवार दुपार

धाकट्या आयव्हीस,

थोरल्या बहिणीचा, मर्टलचा, आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही जागेवर आहेत, पण कुरकुरतात. ॲडलेडला उकाडा असेल तर दुपारी बाहेर पडू नकोस. तुझा फ्रूटकेक यंदाही मधोमध बसला असं लिहिलंस. त्यावर मी नवीन काय सांगणार? तुझा हात जड आहे, हे मी गेली तीस वर्षं सांगतेय. बाकी इकडे सगळे खुशाल आहेत, एक माझी सून जनेल सोडून. तीही खुशालच आहे म्हणा, आणि तोच माझ्या रागाचा विषय आहे.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मधे मधे बोलतेस, आणि जनेल स्वयंपाकघरात उगाच कपबशा विसळत कान लावून उभी राहते. (चौथीत शाळा सुटली तरी पत्र लिहिता येतं. ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू लावून घे.)

तर झालं असं, की माझ्या लेकानं, कॉलिननं, आणि जनेलनं ठरवलं की मी आता एकटीनं एवढ्या घरात राहायचं नाही, त्यांच्या मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत जायचं. क्लिफ गेला आणि मी विधवा झाले तेव्हा कोणाला सुचलं नाही. आता नऊ वर्षांनी माझी काळजी लागली, कारण घराला भाव आलाय. बरं, तेही मी गिळलं. पण दोन खोल्यांत चार खोल्यांचं सामान मावत नाही, म्हणून जनेलबाईंनी गॅरेज सेल काढला. ती कुठल्याशा वर्गाला जाते. तिथं घर रिकामं करायला शिकवतात. (आमच्या वेळी हे काम पूर करायचा, तेही फुकट.) तिथली बाई म्हणे सांगते, ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही, ती तुमची नाहीच. असं असेल तर कॉलिन माझा नाही, कारण गेल्या ईस्टरपासून तो इकडे फिरकला नव्हता.

मी अट घातली की घरातलं काय जाईल ते मी ठरवीन, आणि ठरवलंही. गॅरेजमधलं मात्र सगळंच्या सगळं कॉलिन शुक्रवारी बाहेर ताडपत्रीवर मांडत गेला, आणि मी त्याला अडवलं नाही, कारण गॅरेजमध्ये क्लिफची गंजलेली करवत, अर्धे रंगाचे डबे आणि गवत कापायचं मोडकं यंत्र याखेरीज काही नाही, असंच मला वाटत होतं. तिथं त्या यंत्राच्या मागं, पोत्याखाली, माझा फ्रूटकेक भाजायचा चौकोनी पत्र्याचा डबा होता. केक भाजायचा डबा गॅरेजमध्ये पोत्याखाली कशाला, असं तू विचारशील. विचारू नकोस. ठेवला होता नाताळात, आणि परत घरात आणायचा राहिला.

शनिवारी आठची वेळ पेपरात दिली होती, आणि कॉलिननं रस्त्यातल्या प्रत्येक विजेच्या खांबावर पाटीही लावली होती. पण तुला ठाऊक आहे आपली माणसं. सव्वासहाला फाटकाशी दोन ट्रक आणि महिला मंडळाच्या निम्म्या बायका उभ्या. मी अजून गाऊनमध्ये, दातही ग्लासात, आणि एक गृहस्थ खिडकीतून विचारतो, आजी, ही खिडकी विकायची आहे का? मी त्याला ग्लासाकडे बोट दाखवून म्हटलं, आधी ते घे, दोन तुकडे आहेत, एकत्र देईन. तो पळाला. मग जी झुंबड उडाली ती विचारू नकोस. माझ्या सासूचं पांघरूण एकीनं कुत्र्यासाठी नेलं. (कुत्रा बरा, सासूपेक्षा.) डेरिल नावाचा क्लिफचा एक मित्र क्लिफची करवत हातात घेऊन रडला, आणि रडता रडता भाव निम्म्यावर आणला.

आणि नोरीन पॅचेट आली. तीच ती, कृषी प्रदर्शनात अकरा वर्षं फ्रूटकेकला माझ्या खालोखाल दुसरी येणारी. मी गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला एका बाईशी पडद्यांवरून भांडत होते. मान वळवली तर नोरीन फाटकाबाहेर, काखेत माझा डबा. जनेलनं पन्नास सेंटांत दिला. वर तिनं त्याच्यात दोन मेणबत्त्या फुकट घातल्या.

मी गाऊनचा पट्टा धरून रस्त्यात धावले, आयव्ही. या वयात. शेजारचे सगळे बघत होते. म्हटलं, नोरीन, तो डबा दे, तो माझा आहे. ती म्हणाली, तुझा होता. मी पुन्हा म्हटलं, माझा आहे, माझा, माझा, विकायचा नव्हता. ती शांतपणे म्हणाली, “तुझाच होता ना? मग तुझ्या दारात, तुझ्या सुनेनं, तुझ्यादेखत विकलाय. विकलं ते विकलं, मर्टल. हे मला तूच शिकवलंस.”

आणि ते खरं होतं. सहा वर्षांपूर्वी तिच्या मुलानं सेल मांडला तेव्हा तिचा काचेचा केक-स्टँड मी घेतला होता. दुसऱ्या दिवशी ती डोळे पुसत दारात आली, चुकून गेला म्हणाली, तिच्या आईचा होता म्हणाली. आणि मी म्हटलं होतं, नोरीन, विकलं ते विकलं. (त्यावर मी तिला चहाही दिला होता. तो मात्र तिला आठवत नाही.)

तरी मी कमीपणा घेतला. म्हटलं, तुझा स्टँड देते, डबा दे. ती एका पायावर तयार झाली. धावत घरी आले, तर स्टँड आठ वाजून दहा मिनिटांनी गेलेला. कॅरॅव्हॅन घेऊन डार्विनला निघालेल्या कुणा जोडप्यानं नेला. म्हणे त्यावर ते साबण ठेवणार. जनेलला म्हटलं, बये, तुला विचारायला तोंड नव्हतं? तर ती म्हणते, “आई, वर्षभर त्याला कोणी हात लावला नव्हता.” रोज पुसत होते मी तो. नोरीन आली की तिला दिसावा म्हणून खिडकीत ठेवला होता.

प्रदर्शन पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी. केक याच आठवड्यात भाजला तरच तोवर मुरतो. मनुका, बेदाणे, चेरी शुक्रवारपासून रममध्ये भिजतायत, आणि नोरीननं काल चर्चमध्ये चारचौघींत सांगितलं की यंदा ती नव्या डब्यात भाजणार. नवा डबा. जनेलनं मला दुकानातून एक खरोखरचा नवा आणून दिला, काळा, गुळगुळीत, म्हणे काही चिकटत नाही. त्यात करून बघितला. बाजू करपल्या, मध्य खचला. तो मी कोंबड्यांना घातला आणि कोंबड्यांनीही माझ्याकडे बघितलं.

मी कॉलिनला नोरीनकडे पाठवलं, तो स्कोन खाऊन आला. पाद्रीबाबांना पाठवलं, तेही स्कोन खाऊन आले. ते म्हणाले, गावाची रीत आहे, पैसे हातात पडले की बोलायचं नाही. एकच अपवाद, वस्तू विकणाऱ्याची नसेल तर. मागं बर्ट हिगिननं आपल्या सेलमध्ये चर्चच्या हॉलचा चहाचा बंब चुकून विकला, तेव्हा घेणाऱ्यानं मुकाट्यानं परत आणून दिला होता. पण मर्टल, ते म्हणाले, डबा तर तुझाच आहे. तूच रस्त्यात चारदा ओरडलीस.

तर असं आहे. गुडघ्याला गरम मिठाचं पोटीस बांध.

तुझी थोरली,
मर्टल

ता. क. तू नोरीनला दोन ओळी लिही. डबा तुझा आहे, मर्टलकडे नुसता ठेवायला दिला होता, तो विकायचा तिला हक्क नव्हता. स्वतःच्या अक्षरात लिही. तिचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट यात आहे.

ता. क. २. खोटं कसं लिहू म्हणून तू अडून बसशील, मी तुला ओळखते. खोटं नाही. डबा उलटा केला तर तळाशी खिळ्यानं कोरलेलं तुझं नाव आहे. आईनंच कोरलं होतं. आईनं जाताना मला शिवणयंत्र दिलं आणि तुला तो डबा. तू ॲडलेडला गेलीस तेव्हा तुझं सामान आमच्या शेडमध्ये होतं, त्यातलं पुरात काय काय गेलं ते मी तुला तेव्हा सांगितलं. त्यात डबाही सांगितला, पण तो गेला नव्हता. तू नाताळाला येतेस म्हणून तो पोत्याखाली जातो. यंदा तू जरा जास्तच राहिलीस, म्हणून तो तिथंच राहून गेला.

ता. क. ३. नोरीनला लिहिताना किती वर्षांपासून डबा माझ्याकडे आहे ते घालू नकोस. ती माझ्या पहिल्या नंबराच्या निळ्या फिती मोजायला बसेल. आणि तो न्यायला तू लगेच येऊ नकोस, प्रदर्शन होऊ दे.

ता. क. ४. तुझा हात जड नाही. हे वाचून झालं की हे पान चुलीत घाल, आणि पाकीट आजच्या आज टपालात टाक. मनुका थांबत नाहीत.